‘हमखास गुण’ देणाऱ्या चौकटीविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर गेले काही रविवार ‘पांढरे डाग? तीन महिन्यांत हमखास गुण’ अशी एक चौकट दिसते आहे. हे पत्र त्या चौकटीविषयी आहे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका असून गेली १९ वर्षे माझ्या बोटांवर, ओठांच्या कडेला आणि कपाळावर कोड आहे.

शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या स्वतःच्याच पेशी नष्ट करू लागते, तेव्हा कोड उमटते. ते दुखत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना मंदावते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. तरीही ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावामुळे दोन्हींची गल्लत अजून होतेच. कपाळावरच्या डागाची सुरुवात माझ्या बाबतीत टिकलीपासून झाली. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायन या पेशींना मारक ठरते, हे मला फार उशिरा कळले. तोवर डाग झाकण्यासाठी मी आणखी मोठी टिकली लावत गेले आणि डागही टिकलीच्या मापाने वाढत गेला.

डागापेक्षा त्याच्याभोवती घालावा लागणारा दिवस माणसाला अधिक थकवतो. एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचे ब्लाउज, बसमध्ये सुटे पैसे देताना तळहात वर करण्याची सवय, समूह छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणे, हे सारे इतके अंगवळणी पडते की ते आपण निवडले आहे असेच वाटू लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणे येते, पण कुंकू लावणारीचे बोट माझ्या कपाळापाशी क्षणभर थबकते, आणि त्या क्षणाची तयारी मी घरून निघतानाच केलेली असते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, असे सांगणारे तर पावलोपावली भेटतात. आमच्या घरी मासे शिजतच नाहीत, असे म्हटले की सल्ला देणारा जरा हिरमुसतो. मुलांचे बरे असते. पहिलीतल्या एका मुलाने ‘बाई, तुमच्या बोटांचा खडू निघालाच नाही’ असे सांगून मला आपला रुमाल देऊ केला होता.

अशाच एका जाहिरातीवर विसंबून मी १८ हजार रुपयांचे तेल आणि काढे घेतले होते. ते तेल बावचीचे होते आणि ते लावून उन्हात बसायचे होते. बावचीतील द्रव्य त्वचेला उन्हासाठी अतिसंवेदनशील करते, त्यामुळे हातावर फोड आले आणि फोड बरे झाले त्या जागी नवे डाग उमटले. तक्रार केल्यावर ‘पथ्य मोडले असणार’ असे उत्तर मिळाले. संपादक महोदय, पैसे गेल्याचे दुःख मागे पडते. आपलेच काहीतरी चुकले, हा संशय मात्र वर्षानुवर्षे जेवणाच्या ताटावर बसून राहतो. शिवाय ‘हमखास’ या एका शब्दापायी मी कितीतरी गोष्टी ‘डाग गेल्यावर’ या खात्यावर टाकल्या. पोहायला शिकणे त्यातलेच एक.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे प्रकाशोपचार सुरू केले. चेहऱ्यावरचा रंग बराचसा परतला. बोटांची टोके आणि ओठ सहसा दाद देत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. तेथे मला दहा प्रश्नांची एक छापील प्रश्नावली भरायला दिली. गेल्या आठवड्यात कपडे निवडताना त्वचेचा किती विचार करावा लागला, या प्रश्नापाशी मी बराच वेळ पेन धरून बसले. इतक्या वर्षांत असे मला कोणी विचारलेच नव्हते, आणि मी स्वतःलाही नाही.

औषधे आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ज्या विकारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास तो मनाई करतो, त्यांच्या यादीत कोडाचा समावेश आहे, आणि ही मनाई जाहिरात देणाऱ्यापुरती नसून ती प्रसिद्ध करण्यात सहभागी होणाऱ्यालाही लागू आहे. २५ जूनच्या जागतिक कोड दिनाला आपण चांगला लेख छापला होता. त्याच आठवड्याच्या रविवारी ती चौकटही होती. ती यापुढे स्वीकारू नये, एवढीच विनंती.

पत्राखाली माझे नाव छापू नये. मला स्वतःला त्याची हरकत नाही, परंतु मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे.

— एक शिक्षिका, सातारा