इंजिनीअरिंगची नवी इमारत : नकाशाआधी लॅबवाल्यांना विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेत किती विद्यार्थी घ्यावेत यावरची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, तशा जागोजागी नव्या इमारतीही उभ्या राहू लागल्या. त्यांची संकल्पचित्रे फ्लेक्सवर झळकतात, कोनशिलेचे फोटो छापून येतात. त्या इमारतीतली वीज, पाणी, हवा यांची व्यवस्था कोणाला विचारून ठरवली, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ३१ वर्षे विद्युत पर्यवेक्षक होतो. त्या अनुभवावरून हे पत्र लिहितो आहे.

आमच्याकडेही नवी चार मजली इमारत झाली होती. वापरात येऊन दुसरेच वर्ष, उन्हाळी परीक्षेचे दिवस. तिसऱ्या मजल्यावर तीन कॉम्प्युटर लॅब शेजारी शेजारी, प्रत्येकीत ६० मशिन. सकाळी लॅब सहायकाचा फोन आला, "साहेब, डीबीपाशी काहीतरी जळल्याचा वास येतोय, लवकर या." डीबी म्हणजे मजल्यावरची वीजवाटपाची पेटी. तिचे कव्हर उघडले, तर न्यूट्रल लिंकजवळची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारांच्या जोडपट्टीजवळची, वायर काळी पडलेली. बोट लावले तसा इन्सुलेशनचा तुकडाच हातात आला. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेजमध्ये साधारण ६२ अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये ९०! सोबतच्या तरुण वायरमनला वाटले, मीटरच बिघडलाय. त्याचेही बरोबर होते. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच करंट नसतो, असेच आयटीआयमध्ये शिकवतात.

पण ते पंख्यांचे आणि हीटरचे गणित झाले. कॉम्प्युटरचा साधा पॉवर सप्लाय करंट सलग ओढत नाही, तो गचके देत ओढतो. त्यातून तिप्पट वारंवारतेचा, म्हणजे १५० हर्ट्झचा करंट तयार होतो. तिन्ही फेजचा हा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकाला छेद देत नाही, उलट त्याची बेरीज होते. फेजच्या पावणेदोन पटीपर्यंत करंट न्यूट्रलमधून जाऊ शकतो. आणि आमच्या मजल्यावर टाकली होती साडेतीन कोअरची केबल, म्हणजे न्यूट्रल फेजपेक्षा बारीक! तो न्यूट्रल तापून सुटला असता, तर काही मशिनवर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब आला असता. तेव्हा समोर १८० मुले बसलेली होती.

नवी केबल चढवायची म्हटली तर राइझर शाफ्टचे, म्हणजे केबल वरच्या मजल्यांवर नेणाऱ्या उभ्या पोकळीचे, दार सापडेना. त्याच्यापुढे भिंतीत कपाट बसवून वर टाइल्स लावल्या होत्या. भिंत फोडावी लागली आणि प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवस पुढे गेली. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष केबल कुठून गेल्या याचा नकाशा ठेकेदाराने दिला नव्हता आणि आमच्या कार्यालयाने मागितलाही नव्हता. टेंडर काढणाऱ्यांच्या दृष्टीने 'कॉम्प्युटर लॅब' म्हणजे एक खोली आणि अमुक इतके पॉइंट, एवढेच होते.

मेकॅनिकल विभागाचे दुखणे वेगळे. लांबीच्या मोजमापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानतात. आमची मेट्रॉलॉजी (अचूक मोजमापाची) लॅब नेमकी पश्चिमेच्या भिंतीला काढली होती आणि एसीचा विचार 'पुढच्या टप्प्यात' होता. तापमान १० अंशांनी वाढले की १०० मिलिमीटरची पोलादी स्लिप गेज (मापाची प्रमाण पट्टी) साडेअकरा मायक्रॉनने वाढते, तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा त्याच्या दुप्पट. साध्या मायक्रोमीटरचा एक भाग १० मायक्रॉनचा असतो. एप्रिल-मेमध्ये मुले जीव ओतून वाचन घेत आणि सरांना जर्नलवर शेरा मारावा लागे. मुलांची चूक काय होती? शेजारच्याच खोलीत जनरेटर. तो सुरू झाला की सरफेस प्लेटवरचा डायल गेजचा काटा थरथरायचा.

लॅबची गरज आधी विचारली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. लीसेस्टर विद्यापीठाची अभियांत्रिकी इमारत १९६३ साली पूर्ण झाली. जेम्स स्टर्लिंग आणि जेम्स गोवन हे तिचे वास्तुरचनाकार. हायड्रॉलिक्स लॅबला सुमारे १०० फुटांचा पाण्याचा दाब हवा होता, म्हणून टाकी मनोऱ्याच्या माथ्यावर नेली आणि मनोऱ्याची उंचीही त्या हिशेबानेच ठरली. आज ती इमारत पाहायला जगभरातून वास्तुकलेचे विद्यार्थी जातात. आमच्याकडे आधी दर्शनी भाग ठरतो आणि मग पंप कुठे बसवायचा ते शोधत फिरावे लागते.

माझे मागणे फार खर्चाचे नाही. प्लिंथच्या (जोत्याच्या) आधी प्रत्येक लॅबच्या सहायकाला आणि वर्कशॉपच्या फोरमनला बोलावून यंत्रांची यादी घ्यावी : किती किलोवॅट, सिंगल फेज की थ्री फेज, पाणी किती, धूर कुठून काढायचा, पाया वेगळा हवा का. कॉम्प्युटर लॅबला न्यूट्रल निदान फेजइतका तरी जाड द्यावा. शाफ्टचे दार प्रत्येक मजल्यावर मोकळे राहिलेच पाहिजे. आणि प्रत्यक्ष कामाचा नकाशा हाती येईपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल थांबवावे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी-जुलैत द्यावे लागते. त्यासाठी येणाऱ्या माणसालाही पंपाचे पॅनेल आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत हे कागदावर दिसायला हवे.

त्या प्रसंगानंतर मी वर्षभर खपून त्या इमारतीतला एकेक एमसीबी बंद करून पाहिला आणि कोणता कशाचा, हे एका दोनशे पानी वहीत लिहून काढले. निवृत्तीच्या दिवशी ती वही माझ्या जागी आलेल्या मुलाच्या हातात दिली. तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे. ज्या संस्थेची इमारत सध्या नकाशावर आहे, त्यांच्या अभियंत्यांना यादी कशी करायची ते दाखवायला मी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, सातारा