दिल्याकाका आणि तो तबेला

दिल्या लेका,

दिवाळीपासून फोन नाही, शिव्या घालायच्या तर घालून घे. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर. आता मुद्द्याचं.

सई म्हणते, बाबा तुम्ही आणि दिल्याकाका ज्याच्यावरून भांडता तो पिक्चर रविवारी बघू. क्लिंट ईस्टवुडचा वेस्टर्न, हाय प्लेन्स ड्रिफ्टर! मी खुशीत हो म्हणालो आणि रात्री आडवा झाल्यावर तो तबेला आठवला. क्लिंटचा तो बिननावाचा परका न्हाव्याच्या खुर्चीत बसून कापडाखालूनच तिघांना उडवतो, तिथे होस्टेलभर शिट्ट्या, आणि लगेच तो गावातल्या कॅली नावाच्या बाईला फरफटत तबेल्यात नेतो. तेव्हा आपण काय करत होतो रे? हसत होतो?

पोरगी लॉला आहे, सोडणार नाही. फॉरवर्ड केलं तर पकडेल, आधी सांगितलं तर प्रवचन. न दाखवावं तर बाकी सगळं अगदी तिच्यासाठीच आहे! खाण सरकारी जमिनीवर आहे हे मार्शल डंकनला कळलं म्हणून दुसरे तिघं गुंड त्याला चाबकाने मरेपर्यंत फोडतात आणि अख्खं लागो गाव गप्प उभं. पटकथा लिहिणाऱ्या टिडीमनला हे सुचलं १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोवीज खुनावरून, ३८ जणांनी नुसतं बघितलं असं पेपरात आलेलं (आकडा फुगवलेला होता हे मागाहून कळलं, सई यावर तासभर भांडेल). मग हा परका येतो, गावाकडूनच गाव लाल रंगवून घेतो, पाटीवर 'हेल' लिहितो, बुटक्या मॉर्डेकायला मेयर आणि शेरीफ दोन्ही करतो. पण बघ्यांचा सूड घेणारा स्वतः बाईशी असं वागतो आणि पिक्चर तिथे त्या गावासारखाच बघत बसतो. १९७३ चा आहे म्हणून सोडून द्यायचं? मला ते पटत नाही, आणि पिक्चर आवडतोय तो आवडतोयच.

परका म्हणजे मेलेल्या मार्शलचा भाऊ, हे तुझं 'भाऊ' प्रकरण मात्र मेलो तरी मान्य नाही. मार्शलचा चेहरा वेगळा म्हणे! अरे तो बडी व्हॅन हॉर्न, क्लिंटचाच स्टंट डबल, मुद्दाम घेतलाय. शेवटी मॉर्डेकाय कबरीवर नाव कोरताना म्हणतो तुझं नाव कळलंच नाही, हा म्हणतो तुला माहितीये. आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ, भूत आहे म्हणून?

आणि तू सॅन होजेत राहून योसेमिटीचे फोटो टाकतोस, घाट उतरून पलीकडे मोनो लेकला जात नाहीस! तिथेच तर गाव बांधून शेवटी जाळलं.

ग्रीन कार्डचं काय? पिंट्याची ॲडमिशन? वहिनींना नमस्कार. रविवारच्या आत फोन कर, तुझी ऋता सईच्याच वयाची, तू तिला दाखवला असतास का ते सरळ सांग.

तुझा,
बाळ्या