शून्य कित्याक? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: विद्यार्थ्यांचे प्रोग्राम संगणकाने तपासून थेट गुण देण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. आयटीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. तासिका तत्त्वावर. गेल्या सत्रात आमच्याकडे प्रोग्राम आपोआप तपासणारी यंत्रणा आली. मुलांनी प्रोग्राम सबमिट करायचा, यंत्रणा तो चालवून बघणार, गुण तिथल्या तिथे पडद्यावर. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, प्रोग्राम चालता मा? मगे शून्य कित्याक?"

शेजारी बसून पाहिले. तीन संख्यांतली मोठी शोधायची होती. उत्तर बरोबर होते. पण संख्या घेण्याआधी त्याने 'कृपया पहिली संख्या द्या' असे छापले होते. तसे छापायला मीच शिकवले होते, कारण प्रोग्राम वापरणाऱ्याला काय टाइप करायचे ते कळायला हवे. यंत्रणेला मात्र नुसता आकडा हवा होता. आकड्याच्या आधी हे 'या, बसा' आले, मजकूर जुळला नाही, शून्य.

ही यंत्रणा आतून फार साधी असते. शिक्षकाने आधी 'टेस्ट केस' लिहून ठेवायच्या: हे आत दिले तर हे बाहेर यायला हवे. मुलाचा प्रोग्राम एका बंदिस्त कप्प्यात चालवला जातो, म्हणजे चुकून न संपणारा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवत राहणारा भाग) लिहिला तरी ठरलेल्या सेकंदांनंतर तो थांबवता येतो आणि सर्व्हर अडकत नाही. मग बाहेर आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहायचा. काही केस मुलांना दिसतात, काही लपवलेल्या असतात. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातल्या प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमांत हीच पद्धत आहे. कल्पनाही जुनी. १९६० साली अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरचे प्रोग्राम तपासणारा 'ग्रेडर' वापरल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे कोणी हे 'अत्याधुनिक' म्हणून आपल्या टेबलावर आणले, तर त्या कल्पनेचे वय विचारावे.

मी या यंत्रणेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. आधीचे काय होते ते मला ठाऊक आहे. साठ मुले, प्रत्येकाचे दहा प्रोग्राम, म्हणजे सहाशे. एकेकाला पाच मिनिटे धरली तरी पन्नास तास होतात, आणि मला मानधन मिळते ते वर्गात उभे राहिल्याचे. मग काय व्हायचे? सर्टिफाइड जर्नल, म्हणजे शिक्षकाने सही केलेली प्रात्यक्षिकांची वही असल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, म्हणून सत्राच्या शेवटी जर्नलांची चळत यायची. एका हुशार मुलीचे जर्नल वर्गभर फिरून आलेले असायचे. तिच्या शुद्धलेखनाच्या चुकाही सगळ्यांच्या वहीत त्याच ओळीवर. मी पान उलटायची, सही करायची. माणसाने तपासले म्हणजे न्याय झाला, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

यंत्रणेने एक गोष्ट मात्र खरोखर चांगली केली. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने एकाच प्रश्नाला चौदा वेळा उत्तर पाठवले. दर वेळी कुठली केस चुकली ते तिला लगेच दिसत होते. ऋण संख्या दिली की चुकतेय, सगळ्या संख्या सारख्या असल्या की चुकतेय, असे एकेक शोधत ती चौदाव्या वेळी हिरव्या खुणेपर्यंत पोचली. चौथ्या वेळीच मी म्हटले असते, "अगं, बाकीच्यांचं पण बघायचंय मला." संगणकाला कंटाळा येत नाही. पण तिने हे सगळे केले ते घरामागच्या सड्यावर, उघड्या कातळावर मोबाईल घेऊन बसून, कारण रेंज तिथेच येते.

त्यावरून पावसाळ्याबद्दल. मुदत रात्री ११.५९ ची, सर्व्हर कुठेतरी लांब शहरात, आणि इकडे संध्याकाळी वारा सुटला की लाईट जाते. पडद्यावर 'उशीर झाला' एवढेच दोन शब्द येतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने आमचा किनारा झोडपला. इथे मुदत ठरवायची ती इथला पाऊस पाहिलेल्या माणसाने.

आता गुणांचे. प्रश्न होता फॅक्टोरियल काढण्याचा, म्हणजे ५ दिले तर ५×४×३×२×१. त्याच वर्गात एकाला दहापैकी दहा मिळाले. त्याच्या प्रोग्रामात हिशोबच नव्हता. दिसणाऱ्या केस पाहून त्याने लिहिले होते: ५ आले तर १२० छाप, ६ आले तर ७२० छाप. लपवलेल्या केस लिहायला मला वेळ झाला नव्हता, म्हणून तो सुटला. दुसऱ्या एकाची मांडणी अगदी स्वच्छ होती, एक अर्धविराम राहिला. प्रोग्राम कंपाइल झाला नाही, म्हणजे संगणकाला चालवताच आला नाही, सगळ्या केस नापास, शून्य. या दोघांतल्या कोणाला फॅक्टोरियल कळले आहे, ते मी दोन मिनिटांत सांगू शकते. पण यंत्रणेतला आकडा थेट अंतर्गत गुणांत जातो आणि तो बदलायची सोय मला दिलेली नाही.

टेस्ट केस शेवटी माणूसच लिहितो, तोही चुकतो. मी चुकले. शब्द उलटा छापण्याचा प्रश्न होता, मी हौसेने 'कोकण' दिला आणि अपेक्षित उत्तर हाताने लिहिले: 'णकको'. अख्खा वर्ग नापास! सगळ्यांचे उत्तर आले होते 'णकोक'. संगणकात अक्षरे साठवण्याची जी युनिकोड पद्धत आहे, तिच्यात 'को' हे एक चिन्ह नसते, क वेगळा आणि ओकाराची मात्रा वेगळी. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेला 'कोकण'ची लांबी विचारली तर तो चार सांगतो, पहिलीतले पोर तीन सांगेल. उलटे करताना मात्रा तिच्या क ला सोडून दुसऱ्याच क वर जाऊन बसते. त्या दिवशी आम्ही तासभर याच्यावरच बोललो, आणि सत्रातला तो सर्वांत चांगला तास झाला. त्या आठवड्याच्या गुणांमध्ये मात्र अजूनही साठ शून्ये आहेत.

नक्कल पकडण्याबाबतही तेच. 'मॉस' हे दोन प्रोग्राममधले साम्य दाखवणारे साधन १९९४ पासून वापरात आहे आणि उपयोगी आहे. पण साम्य दिसले म्हणजे चोरी सिद्ध झाली असा त्याचा दावाच नाही, पुढचे माणसाने बघायचे असते. पहिल्या वर्षाचे पाच ओळींचे प्रोग्राम एकमेकांसारखे दिसणारच. उलट चॅटजीपीटीकडून आलेला प्रोग्राम सगळ्या केस पास होतो आणि शेजाऱ्याशी जुळतही नाही. तो पकडायचा एकच मार्ग मला सापडला आहे: मुलाला जवळ बसवायचे, एका ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "ही काढली तर काय होईल?"

म्हणून माझे मागणे असे, की यंत्रणेचा निकाल थेट गुणपत्रिकेत जाऊ नये. तो मुलाला आणि मला दिसावा, गुण तोंडी विचारल्यावर मी द्यावेत आणि का दिले ते लिहावे. मुदत संपल्यावर सगळ्या केस मुलांसमोर उघड्या कराव्यात, म्हणजे माझी चूकही त्यांना पकडता येईल. तपासणीतून वाचलेले पन्नास तास तोंडीसाठी वापरायचे, तर त्या तासांचे मानधन तासिका म्हणून धरावे. नाहीतर यंत्रणा आली की शिक्षक कमी, असा हिशोब कोणीतरी मांडेलच. आणि यासाठी मोठी निविदा काढू नये. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्याला जोडायची कोडरनर आणि व्हीपीएल ही प्रोग्राम तपासणारी साधनेही फुकट. लॅबमधल्याच एका संगणकावर ते बसवले तर इंटरनेट गेले तरी काम चालू राहते. लागतो तो बसवून देणारा आणि बिघडल्यावर येणारा माणूस, जिल्ह्याला एक तरी.

हे सगळे घाईने केले तर काय होते, ते वेगळे काय सांगू? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला एकदम घेतल्या. तिथे तर तपासणारी माणसेच होती, तरी निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पद गमवावे लागले. आमचे जिल्हे त्याच विद्यापीठात येतात.

आपण कधी या बाजूला आलात तर सोमवारी सकाळच्या बॅचला लॅबमध्ये या. सुरुवातीला सांगितलेला तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसतो. त्याने आता सगळ्या प्रोग्राममधून 'कृपया' काढून टाकले आहे. गुण पूर्ण मिळतात. प्रोग्राम चालू केला की पडदा काळा, कर्सर लुकलुकत राहतो, आणि काय टाइप करायचे ते त्याचे त्यालाच ठाऊक.

आपली,
प्रोग्रामिंगची एक शिक्षिका
जिल्हा सिंधुदुर्ग