गणपतीच्या हेल्थ कॅम्पमध्ये अजून एक टेबल हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अमेरिकेत अटलांटात राहतो, तुमचा ई-पेपर रोज वाचतो. एचआयव्हीच्या कामाचे पैसे इथलं सरकार कापतंय ही बातमी वाचून आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, गोळ्या मिळतात, हॉस्पिटलं आहेत, मग हे आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत जाऊन काम करणं, वगैरे कशाला?

तर ऐका. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची प्रेपची गोळी 2012 पासून आहे, नीट घेतली तर सेक्समधून एचआयव्ही व्हायचा धोका 99 टक्के कमी होतो. तरी 2016 ला सीडीसीनेच, म्हणजे इथल्या सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेनेच, हिशोब मांडला की तेव्हाचाच वेग राहिला तर समलिंगी-बायसेक्शुअल पुरुषांमध्ये ब्लॅक असतील तर दोघांत एकाला, लॅटिनो असतील तर चौघांत एकाला आणि गोरे असतील तर अकरात एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही निघणार. गोळी सगळ्यांना तीच हो, पण इन्शुरन्स नाही, आमच्या जॉर्जिया राज्याने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) पूर्ण वाढवलेलं नाही आणि डॉक्टरसमोर खरं बोलायची चोरी. म्हणून कोणीतरी त्यांच्यातलंच त्यांच्याकडे जावं लागतं. 2022 मध्ये मंकीपॉक्स आला तेव्हा इथे पेशंट बहुतेक ब्लॅक पुरुष आणि लसीची अपॉइंटमेंट ऑनलाइन, ज्याला दिवसभर फोन घेऊन बसता येतं त्याला मिळणार. शेवटी सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीत ब्लॅक प्राइड, म्हणजे ब्लॅक समलिंगी लोकांचा उत्सव, भरतो तिथेच जादा डोस नेले, तेव्हा कुठे जरा गाडी हलली.

आता आपलं. इथल्या फॉर्मवर आपणही ‘पीपल ऑफ कलर’च, म्हणजे गोरे नसलेले, आपल्या लोकांना ते आवडत नाही तो भाग वेगळा. आपली गे मुलं पण टेस्टला जात नाहीत, कारण 26 वर्षांपर्यंत बाबांच्या इन्शुरन्सवर असतात आणि क्लेमचा कागद थेट घरी येतो! न्यूयॉर्कमध्ये आशियाई लोकांनी 1989 मध्येच एचआयव्हीच्या कामासाठी स्वतःची अपिचा ही संस्था काढली, आपण अजून गणपतीच्या हेल्थ कॅम्पमध्ये शुगर आणि बीपीच बघतोय. एचआयव्ही टेस्टचं टेबल लावू का विचारलं तर उत्तर काय, अहो फॅमिली इव्हेंट आहे. मग ही मुलं काय फॅमिलीतली नाहीत का?

कुठल्याही मंडळाच्या कमिटीतलं कोणी हे वाचत असेल तर सांगतो, टेस्ट करणारी माणसं आम्ही आणतो, फुकट, इन्शुरन्स कार्ड मागायचं नाही. फक्त जागा द्या, आणि ती जेवणाच्या लाइनीसमोर नको, जिन्याकडची एखादी खोली द्या.

एक वाचक, अटलांटा