साखळी तुटली म्हणून अ‍ॅप काढू नका

महोदय,

पावसाची झड लागली की रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी ओसरते आणि मोबाइलमधल्या सवयींच्या अ‍ॅपवरची सलग दिवसांची साखळीही तुटते. आकडा शून्यावर आला की पुष्कळ जण अ‍ॅपच काढून टाकतात. यात आळसापेक्षा अ‍ॅपच्या मांडणीचा दोष जास्त. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ‘२१ दिवसांत सवय’ ही जाहिरात म्हणून ठीक.

म्हणून लक्ष्य ‘दररोज’ न ठेवता ‘आठवड्यातून ५ वेळा, ३० मिनिटे’ असे ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे त्यात भरतात. पावसाच्या दिवशी घरातले सूर्यनमस्कारही त्याच खात्यात नोंदवावेत. सुरुवातीला सवय एकच धरावी आणि अ‍ॅपच्या आठवणीची (रिमाइंडरची) वेळ ठरलेल्या कामाला जोडावी, उदाहरणार्थ सकाळचा चहा संपतो तेव्हाची. पाच-सहा आठवणी लावल्या की त्या न वाचताच बोटाने सरकवल्या जातात.

आठवण वाजतच नसेल, तर बहुधा फोनची बॅटरी-बचत आड येते. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे. काही फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावे लागते.

पावलांचा आकडा तर बेतानेच घ्यावा. फोन दुकानाच्या गल्ल्यावर राहिला तर पावले मोजलीच जात नाहीत, उलट खड्ड्यांतून दुचाकी हाकताना फुकटची जमा होऊ शकतात. १०,००० चे लक्ष्यही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊल-मापकाच्या नावातून रूढ झाले. आधी आठवडाभराची स्वतःची सरासरी काढून त्यात हजार पावले वाढवावीत, हे बरे. मिसळीच्या कॅलरी शोधण्यातही अर्थ नाही; कटावर तेलाची तर्री किती, हे अ‍ॅपला कुठून कळणार? कट किती वाट्या घेतला एवढेच लिहावे.

दोन-तीन महिन्यांनी आठवण बंद करून पंधरा दिवस फक्त नोंद ठेवावी. फिरणे थांबले, तर आठवण पुन्हा लावावी. तोवर वर्षाची वर्गणी भरू नये, आणि मोफत चाचणी घेतलीच तर मुदत संपण्याआधी ऑटोपे रद्द करावा.

– एक व्यायाम प्रशिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर