कुरवांचं पांढरं जळू देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मांडव्याच्या लाँचवरून वाचकांनी टिपलेले कुरवांचे फोटो आपल्या रविवारच्या पुरवणीत पाहिले. समुद्रपक्ष्यांना एवढी जागा दिलीत, याचा मनापासून आनंद झाला. पण बहुतेक फोटोंत पक्ष्याचं अंग कोऱ्या कागदासारखं झालंय. पीस दिसत नाही, पंखाची कड दिसत नाही. आम्ही स्टुडिओवाले याला ‘पांढरं जळालं’ म्हणतो. आणि ते एकदा पुरतं जळालं की कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, परत येत नाही.

प्रश्न नुसत्या देखणेपणाचा असता तर पत्र लिहिलं नसतं. थंडीत आपल्याकडे तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे असे दोन्ही कुरव येतात. पण तेव्हा दोघांच्याही डोक्याचा गडद रंग गेलेला असतो, डोळ्यामागे डाग तेवढा उरतो. मग ओळखायचं पंखावरून. पूर्ण वाढ झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते, काळं अगदी शेवटी. उजेड जास्त झाला की राखाडी पंखही पांढरा पडतो आणि ती कड त्यात मिसळून जाते. मग फोटो कुठल्या कुरवाचा, हे जाणकारालाही छातीठोक सांगता येत नाही.

दोष कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडीच असणार, असं तो धरून चालतो. कुरव पाण्यालगत आला की मागे काळपट समुद्र. मीटर म्हणतो अंधार आहे, आणि जादा उजेड घेतो. तोच पक्षी कठड्यावरून वर चढला की मागे लख्ख आकाश. आता मीटर उजेड कापतो आणि पोट काळवंडतं. पण पक्ष्यावर पडणारं ऊन दोन्ही वेळा तेच होतं ना! म्हणून ऊन स्वच्छ असेल तर मीटरचं ऐकू नये, कॅमेरा मॅन्युअलवर टाकावा. फिल्मच्या काळापासूनचा हिशेब असा: भर उन्हात अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) १६ आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आयएसओइतकं; आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा. म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. अ‍ॅपर्चर ८ वर आणून छिद्र मोठं केलं की १/१६००. पांढऱ्या पक्ष्यासाठी आणखी एक स्टॉप कमी करून, म्हणजे उजेड निम्मा करून, १/३२०० ठेवावं. शक्यतो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढावं आणि एक फोटो काढून पडद्यावर पाहावं. छातीवर पांढरं जळाल्याचा लुकलुकणारा इशारा दिसला तर शटर आणखी जलद करायचं. मागचं पाणी काळं आलं तर येऊ द्या. मोबाईलवाल्यांनी पक्ष्यावर बोट ठेवून उजेडाची खूण खाली ओढावी.

वेळेचंही सांगतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आक्षीच्या वाळूवर सकाळी उभं राहिलात की ऊन तुमच्या पाठीमागून, थेट पक्ष्यावर येतं. दुपार कलली की तेच ऊन तुमच्या डोळ्यांत. दुपारी बारालाही ओली वाळू खालून थोडा उजेड देते, पण पक्ष्याच्या पाठीवरचं पांढरं सांभाळणं तेव्हा फार जड जातं. आणि पक्षी जवळ यावेत म्हणून लाँचवरून वेफर्स, गाठ्या फेकू नयेत. ते त्यांचं खाणं नव्हे.

आपल्याला विनंती एवढीच, की निवड करताना फोटो मोठा करून पंखाचं टोक आणि छाती पाहावी. वर्तमानपत्राच्या कागदावर फिकी राखाडी छटा आधीच उडून जाते, त्यामुळे मूळ फोटो किंचित गडद असला तरी तो बाद करू नये. आणि फोटोखाली नावाबरोबर जागा व महिना छापावा. कुठला कुरव कधी कुठे दिसला, याची नोंद त्यातून आपोआप राहील.

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला, अलिबाग