ब्लेंडेड म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिस्कीवर लेख आला होता, त्यात एक वाक्य असं होतं की खरी व्हिस्की म्हणजे सिंगल माल्टच, म्हणजे एकाच भट्टीतली मोडाच्या सातूची, आणि ब्लेंडेड, म्हणजे बऱ्याच भट्ट्यांची मिसळलेली, ती म्हणजे त्यात स्वस्तातलं काहीतरी ओतून केलेली भेसळ. ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मी निपाणीचा, किराणा दुकानदाराचा मुलगा आणि आता स्वतः दुकानदार, आमच्या धंद्यात भेसळ हा शब्द शिवीसारखा आहे, तो कुणाच्या मालाला उगीच लावायचा नसतो.

आमचे आप्पा सुटा चहा विकायचे. पत्र्याचे चार डबे, एकात बारीक डस्ट रंगाला, एकात जाड ममरी चवीला, एकात महागातली पत्ती नुसत्या वासापुरती आणि चौथ्यात आप्पांचं स्वतःचं मिक्स, आणि गिऱ्हाईक मागायचं ते चौथ्या डब्यातलंच. आता प्रत्येक पेटीतला माल वेगळा, पावसाळ्यातला तर एकदमच वेगळा, पण अकोळहून गळतग्याहून बाजाराला आलेल्या बाईला काय त्याचं, तिला मागच्या महिन्यात नेला तोच चहा पाहिजे. म्हणून नवी पेटी फोडली की आप्पा चिमूटभर तळहातावर घेऊन वास घ्यायचे, मग तीन कप करून शेजारी शेजारी ठेवायचे, आज डस्ट जरा कमी घालूया म्हणायचे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, सगळं नाकात होतं. त्याला आजपर्यंत कुणी भेसळ म्हटलं नाही.

आणि स्कॉच व्हिस्कीची गोष्ट तर आमच्यासारख्याच लोकांची आहे बघा. जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावचा किराणावाला, 1820 साली दुकान टाकलं. जॉर्ज बॅलन्टाइन 1827 सालचा एडिंबरोचा किराणावाला, अॅबर्डीनचे चिव्हास बंधू तेच, पर्थचा जॉन ड्यूअर वाईन-दारूचा व्यापारी. चहा, मसाले, दारू असं सगळं एका छपराखाली. डोंगरातल्या भट्टीवरनं येणारं पिंप एकदा उग्र तर एकदा मिळमिळीत, मग गिऱ्हाइकाला कायम एकच चव द्यायची कशी, यातनं मिक्स करायची विद्या आली. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरनं 1853 मध्ये वेगवेगळे माल्ट एकत्र करून विकले, आणि 1860 च्या कायद्यानं माल्ट आणि ग्रेन कर भरायच्या आधी गोदामातच मिसळायला परवानगी दिली, तिथनं ब्लेंडेड खरी सुरू झाली.

माल्ट आणि ग्रेन म्हणजे काय तेही सांगतो, कारण त्या लेखात ते सोडूनच दिलं होतं. माल्ट म्हणजे सातू भिजवून मोड आणायचे, आपण मटकीला आणतो तसे, मग ते वाळवायचे, कुठंकुठं पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या धुरावर, आणि आंबवून तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं. वास दांडगा, चव भरदार. ग्रेन म्हणजे गहू किंवा मका, त्यात थोडा मोडाचा सातू, आणि उंच कॉलमच्या भट्टीत सलग गाळलेलं, ती भट्टी आयर्लंडच्या एनियस कॉफी नावाच्या अबकारी अधिकाऱ्यानं 1830 मध्ये पेटंट केली. ग्रेन हलकी, जराशी गोडसर. पण ती काही रातोरात भट्टीतनं बाटलीत येत नाही, तिलाही माल्टसारखीच ओकच्या पिंपात कमीत कमी तीन वर्षं स्कॉटलंडमध्येच बसावं लागतं, आणि दोन्हीत पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल सोडून दुसरं काही घालायला कायद्यानं बंदी आहे. मग यात भेसळीचं काय राहिलं?

हा आरोप नवा नाही. 1905 साली लंडनच्या इझलिंग्टन भागात दारूवाल्यांवर खटले भरले, की व्हिस्की म्हणून तुम्ही जे विकताय ती व्हिस्कीच नव्हे. म्हणजे अगदी आपल्या लेखातलंच म्हणणं, आणि खालच्या कोर्टात निकाल दारूवाल्यांच्या विरोधात गेला. मग वाद इतका चिघळला की 1908 मध्ये रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी समिती नेमली, त्यांनी साक्षीपुरावे घेतले आणि 1909 मध्ये सांगितलं की ग्रेन पण व्हिस्कीच आणि माल्ट-ग्रेनचं मिश्रण पण व्हिस्कीच. शंभरावर वर्षं झाली या निकालाला, आणि आपण आज तीच केस परत उघडतोय.

उलट सिंगल माल्ट हीच बाजारातली तशी अलीकडची गोष्ट आहे. ग्लेनफिडिक नावाच्या भट्टीनं 1963 मध्ये स्कॉटलंडबाहेर ती जोरात विकायला सुरुवात केली, त्याच्या आधी डोंगरातल्या भट्ट्यांचा बहुतेक माल ब्लेंडमध्येच जायचा, कित्येक भट्ट्या त्याच्यावरच जगल्या. आजही जगात खपणाऱ्या स्कॉचमध्ये बहुतेक ब्लेंडेडच आहे. सिंगल माल्ट वाईट असं मी म्हणत नाही, दोन-तीन चाखल्यात, चांगल्याच होत्या, पण एक गवई उत्तम गातो म्हणून भजनी मंडळाला बेसूर म्हणायचं नसतं.

ब्लेंडर करतो तरी काय, तर तो पीत नाही, वास घेतो. नमुन्यात पाणी घालून ताकद वीस टक्क्यांवर आणायची, म्हणजे दारूचा झटका कमी होतो आणि आतला वास मोकळा होतो, मग एकामागोमाग एक ग्लास नाकाला लावायचे. एका ब्लेंडमध्ये पंधरा-वीस, कधी तीसपेक्षा जास्त भट्ट्यांचा माल असतो, त्यात अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीची दोनशे लिटरची पिंपं, शेरी वाईनची पाचशे लिटरची, काही पहिल्यांदा भरलेली, काही तिसऱ्यांदा. शिवाय पिंपातला दोन टक्क्यांच्या आसपास माल दरवर्षी उडून जातो. आणि मध्येच एखादी भट्टी बंद पडते, 1983 मध्ये पोर्ट एलन, ब्रोरा अशा बऱ्याच बंद झाल्या, तरी बाटलीतली चव हलता कामा नये, गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळता कामा नये. मला यात आप्पांचे तीन कप दिसतात. जॉनी वॉकरच्या मास्टर ब्लेंडर 2022 पासून एमा वॉकर नावाच्या बाई आहेत, आडनाव तेच पण त्या घराण्यातल्या नव्हेत, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच बाई.

आता आपल्याकडचं. बेळगावात किंवा निपाणीत दुकानात गेलं की काउंटरवर गर्दी, मागनं कुणीतरी ढकलतोय, त्यात लेबल वाचायला कोण थांबतो, पण थांबा जरा. बाटलीवर 12 वर्षं लिहिलं असेल तर त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की 12 वर्षांची असते, बाकी सगळी तेवढीच किंवा त्याहून जुनी. व्हॅट 69, ब्लॅक अँड व्हाईट, टीचर्स, हंड्रेड पायपर्स ह्या स्कॉटलंडहून मोठ्या टाक्यांतून आणून इथं बाटलीत भरतात, म्हणून किंमत बाहेरनं भरून आलेल्या बाटलीपेक्षा कमी. इथं भरली म्हणून ती नकली होत नाही. सिंगल माल्टला मात्र ही सोय नाही, ती 2012 पासून स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत मळीचं स्पिरिट असतं, ती मळी आमच्या चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांतनं निघते तसलीच. युरोपात तसल्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथं धान्याचीच लागते. फरक सांगायचाच होता तर हा सांगायला हवा होता, कारण आमच्याकडं पन्नास माणसांतल्या पंचेचाळीसांना हा माहीत नाही.

किमतीचं म्हणाल तर 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी करार झाला, त्यात स्कॉचवरची आयात ड्युटी 150 वरनं आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्याचा अबकारी कर वेगळा, तो इथला इथं राहणार, म्हणून उद्या सकाळी बाटली अर्ध्या किमतीत मिळेल असं कुणी समजू नये. आणि गोव्याहून चोर्ला घाटातनं गाडीत लपवून आणायच्या भानगडीत तर पडूच नये, त्यात काही शहाणपण नाही.

माझं पिणं सांगतो. आठवड्यातनं दोनदा, रात्री दुकानाचं शटर खाली ओढल्यावर, एक लार्ज, नंतर गाडीला हात लावायचा नाही. त्यात तेवढंच पाणी, बर्फ नको, बर्फानं वास गोठतो. शेजारी भाजलेले शेंगदाणे, कांदा, कधी मटणाचं सुकं असलं तर सुकं. पहिला घोट घ्यायच्या आधी नाक लावायचं, मध, सुकी फळं, मागनं जरासा धूर, तो धूर माल्टचा आणि तोंडातला मऊपणा ग्रेनचा. ज्याला ही रोजची, साधी, खिशाला परवडणारी बाटली आवडते त्यानं लाजून ती कपाटाच्या मागं लपवावी अशी वेळ लेखांनी आणू नये. माझा पुतण्या पुण्याहून आला होता, बाटली बघून म्हणाला, "काका, ब्लेंडेड पिताय?" मी त्याला ग्लास दिला आणि म्हटलं आधी वास घे. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "थोडी अजून ओता की."

पुढच्या रविवारी त्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापाल अशी विनंती करतो. भेसळ हा शब्द मागं घ्या, तिथं मिश्रण म्हणा, मला तेवढं पुरे.

आपला एक जुना वाचक,
निपाणी, जि. बेळगाव